कुयुबाशीची दोंदूबाई

यिशुन, सिंगापूर
१४ एप्रिल १९९६

प्रिय आई,

तुम्हाला वाकून नमस्कार. मेधावहिनी आणि सुबोधभाऊजींनाही आमची आठवण सांगा.

जया पुण्याहून परत आली आणि तुम्ही तिच्याकडे दिलेला डबा काल घरी पोचला. आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट, सगळं. पिठाची पिशवी विमानात फुटली, त्यामुळे जयाच्या साड्यांना आता कुळथाचा वास येतो. ती म्हणाली, "अंजली, तुझ्या सासूबाईंना सांग, माझ्या कांजीवरमचं पिठलं झालं." पण रागावून नाही म्हणाली. पिठलं खायला ती आणि उन्मेष रविवारी आमच्याकडेच येणार आहेत.

माझी तब्येत चांगली आहे. उलट्या थांबल्या. चौथा महिना संपत आला, डॉक्टरीणबाई सप्टेंबरच्या मध्याची तारीख सांगतात. तुम्ही लिहिलंय तसं रोज तूप खाते.

फेब्रुवारीत आम्ही घर बदललं. त्याच इमारतीत, दोन मजले वर. इथल्या लिफ्टची एक गंमत आहे, ती प्रत्येक मजल्यावर थांबत नाही. आधीच्या घरी जायचं तर लिफ्टमधून उतरून दोन जिने चढायचे नाहीतर दोन जिने उतरायचे. आता लिफ्टचं दार उघडलं की समोर आमचंच दार. या दिवसांत मला जिने नकोत म्हणून बदललं.

गोविंदची नोकरी ठीक चालली आहे. (लग्नातच तुम्ही म्हणाला होतात, नवऱ्याला नावानं हाक मारतेस तर माझ्यासमोरही मार, उगीच 'हे' 'हे' नको, म्हणून तसंच लिहिते.) जहाजांच्या दुरुस्तीचं काम असतं, पण त्यानं ऑफिसात बसून बघायचं. "समुद्र सुटला एकदाचा, मी देवापुढे साखर ठेवली," हे तुमचं वाक्य मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं पत्र माझ्या हातातून घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आईला साखर ठेवायला निमित्तच लागतं."

आंब्याच्या दिवसांत येणार का, असं तुम्ही विचारलंत. यंदाही रजेचं जमेल असं दिसत नाही. नवी नोकरी, काय करणार.

तुम्हाला त्या गावाविषयी जाणून घ्यायचं होतं, गोविंद दीड वर्षापूर्वी टायफॉइडनं आजारी पडून जिथं राहिला होता. लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं होतं. आज दुपार मोकळी आहे.

गाव म्हणायला तशी ती वस्तीच. कुयुबाशी तिचं नाव. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्रापासून थोडं वर डोंगरात. दहाबारा घरं. पण घरं दिसायच्या आधी दगडी खांबच दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी तिथं रोमन लोकांचं शहर होतं, त्याचे. निम्मे उभे, निम्मे आडवे. आपल्याकडे पडक्या देवळाजवळ जायला माणसं बिचकतात, तिथं तसं काही नाही. एका मोठ्या कमानीखाली शेळ्या झोपतात. कुणा सरदाराच्या दगडी शवपेटीत आता गुरं पाणी पितात, तिच्यावर कोरलेले सिंह गुरांच्या जिभांनी गुळगुळीत झालेत. आणि आमची दोंदूबाई दोन खांबांमध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालते. सरकारी पहारेकरी आठवड्यातून एकदा येतो, दोरी सोडायला सांगतो, तिच्याकडे ताक पितो आणि जातो. ताकच, आई. मीठ घातलेलं, अगदी आपल्यासारखं.

दोंदूबाई म्हणजे गोविंद जिच्या घरी राहिला ती. सत्तरीच्या आसपासची असेल, तिचं वय तिलाच माहीत नाही. नावाचा अर्थ 'फिरली'. पाठोपाठ मुलीच झाल्या म्हणून हिच्यानंतर तरी नशीब फिरावं, असं म्हणून ठेवलेलं नाव. साताऱ्याकडे नकुशी ठेवतात ना, तसं. मला हा अर्थ कळला तेव्हा वाईट वाटलं, तर ती हसून म्हणाली, "फिरलं ना नशीब. माझ्या पाठीवर चौघे भाऊ झाले, आणि चौघांनी मिळून मला फार छळलं."

वस्तीच्या वर एक गाव आहे आणि खाली एक. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या पटत नाही. डोंगरात एक झरा आहे आणि त्याचं पाणी रोमन लोकांनी बांधलेल्या दगडी पाटातून अजून खाली येतं. वरचे म्हणतात झरा आमचा, खालचे म्हणतात पाट आमचा. मधल्या कुयुबाशीला दोघांचंही ऐकून घ्यावं लागतं. दोन्ही गावांत सोयरीक नाही, एकाच्या चहाच्या दुकानात दुसरा बसत नाही.

पण गोविंदला अंगणात पहिल्यांदा उभा केला त्या दिवशी दोन्ही गावांतली माणसं बघायला आली होती. वरची एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. आणि त्यानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा दोन्हीकडून टाळ्या पडल्या.

असो. फार लांबलं. टायफॉइडनं माणूस किती अशक्त होतो ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमची गुडघ्याची गोळी बंद करू नका.

तुमची लाडकी (असं मी धरूनच चालते),
अंजली


यिशुन, सिंगापूर
२८ सप्टेंबर १९९६

प्रिय आई,

नमस्कार. फोनवर सगळं सांगितलं तरी कागदावर लिहायची हौस उरतेच. तुमची नात आता पंधरा दिवसांची झाली. केस भरपूर, कपाळ तुमचं. रडायला लागली की समोरच्या घरातल्या मकचिक रोकिया लगेच दारात येतात. मकचिक म्हणजे मलायमध्ये मावशी. "नेव्हर माइंड लाह, क्राय इज गुड," असं म्हणत तिला खांद्यावर टाकून कॉरिडॉरमध्ये फिरवतात. पोर त्यांच्याकडे झोपते, माझ्याकडे नाही.

नाव भार्गवी ठेवायचं ठरतंय. तुम्हाला पसंत आहे ना?

तुमचं पत्र आलं. म्हणजे मेधावहिनींचंच ते. खाली तुमच्या दोनच ओळी होत्या, त्याही तब्येतीच्या. मी काय ते समजले. बाळंतपणाला तुम्ही येणार म्हणून पासपोर्टसुद्धा काढून ठेवलात आणि आम्ही, घरात रंगाचं, फरशीचं काम निघालंय, इतक्यात नका येऊ, असं सांगितलं. आई, माझी आई असती तर मी तिलाही असंच सांगितलं असतं का, हे तुमच्या मनात आलं असेल. तुम्ही तसं लिहिलं नाहीत. लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

वहिनी विचारतात, गोविंद प्रत्येक फोटोत बसलेलाच का. त्याला बसायला आवडतं, दुसरं काय. ऑफिसातून दमून येतो. बाळाला घ्यायचं तर बसायलाच हवं, अजून सवय नाही त्याला.

एक बातमी आहे. दोंदूबाई येते आहे. बारशासाठी. गोविंदनं तिला बोलावलं होतं, ती येईल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. जन्मात कधी तालुक्याच्या पलीकडे गेलेली नाही. खालच्या गावच्या शाळामास्तरांनी तिच्या गळ्यात अडकवायला तीन भाषांत एक पाटी केली आहे: 'मी दोंदू. मला सिंगापूरला गोविंदकडे पोचवा.' ती येईपर्यंत बारसं लांबवलं आहे.

हे तुम्हाला कळवावं की कळवू नये, याचा मी दोन दिवस विचार केला. मग वाटलं, निदान एवढं तरी कळवावं.

बाळाच्या अंगाला लावायला तुम्ही सांगितलेलं तेल इथं सेरंगून रोडवर मिळालं.

तुमची,
अंजली


यिशुन, सिंगापूर
३ नोव्हेंबर १९९६

आई,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ. "त्या बाईला तुमच्या घरात जागा आहे आणि मला नाही, एवढं समजलं."

हे पत्र गोविंदला न सांगता लिहिते आहे. तो बाळाला घेऊन खाली गेला आहे. आमच्या इमारतीखाली मोकळी जागा आहे, म्हातारी माणसं तिथं पत्ते खेळत बसतात, त्यांच्यात तो रमतो. तो वर यायच्या आत मला हे लिहून पाकीट बंद करायचं आहे, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

टायफॉइड नव्हता, आई.

नोव्हेंबर चौऱ्याण्णवमध्ये त्याचं जहाज तिथं नांगरून पडलं होतं, बंदरात जागा मिळत नव्हती. एके दिवशी सुट्टी मिळाली म्हणून तो आणि त्याच्या हाताखालचा श्रीनिवास नावाचा मुलगा रोमन अवशेष बघायला निघाले. परत येताना त्यांची मिनीबस कुयुबाशीच्या वळणावरून ओढ्यात कलंडली. श्रीनिवास खरचटण्यावर निभावला. गोविंदचा उजवा पाय गाडीखाली आला.

ते ऑलिव्ह उतरवायचे दिवस होते. सगळी वस्ती झाडांखाली होती. दोंदूबाई सर्वांत आधी पोचली. तिनं डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या मांडीला आवळून बांधला. आई, तिथल्या बायका परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा रुमाल काढत नाहीत. पुरुषांनी गाडी उचलली, तिच्याच गोठ्याचं दार काढून त्यावर त्याला घातलं आणि ट्रॅक्टरनं खालच्या गावापर्यंत, तिथून जीपनं शहरातल्या दवाखान्यात. ती सगळ्या वाटेत रुमालाची गाठ मुठीत धरून बसली होती.

रक्त पुष्कळ गेलं होतं, दवाखान्यात पुरेसं नव्हतं. मी पोचले तेव्हा मला नर्सनं सांगितलं की आधी खालच्या गावची माणसं आली, आणि ती आली हे कळल्यावर वरच्या गावचीही आली, मागे राहायला नको म्हणून. एकमेकांशी न बोलणारी माणसं शेजारशेजारच्या खाटांवर झोपून रक्त देत होती, तोंडं दोन दिशांना करून. तुमच्या मुलाच्या अंगात आता दोन्ही गावांचं रक्त आहे. तो म्हणतो, "म्हणूनच माझं माझ्याशी पटत नाही."

जीव वाचला. पाय नाही वाचला. गोविंदचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही, आई. तो कृत्रिम पाय लावतो आणि चालतो. चांगलं चालतो. अनोळखी माणसाला कळतही नाही, पण तुम्हाला पहिल्या पावलाला कळलं असतं. म्हणून देवरुखला तुमच्याकडे येणं नको, म्हणून बसलेले फोटो, म्हणून लिफ्टसमोरचं घर. फरशीचं काम कसलंही नव्हतं.

जहाज निघून गेलं होतं. दवाखान्यानं महिन्याभरानं सोडलं, पण विमानात बसण्यासारखा तो नव्हता. आम्ही कुठं जावं या विचारात असताना दोंदूबाई जीप घेऊन दारात उभी. भाषा येत नव्हती, पण शब्द सापडत गेले. हवा, दुनिया, साबण, मैदान, हे सगळे शब्द तिचेही आणि आपलेही. 'हफ्ता' म्हणाली आणि बोटं दाखवली: इतके आठवडे माझ्याकडे. तिच्या घरी आम्ही थंडी काढली. पहिले काही दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. माझ्याशीही बोलायचा नाही. तिनं एक दिवस त्याच्यासमोर ऑलिव्हची टोपली आणून ठेवली आणि म्हणाली, "पाय गेला, हात आहेत ना. निवड." त्यानं निवडले. दुसऱ्या दिवशी दुसरी टोपली आली. तो आजारी माणूस आहे असं तिनं मानलंच नाही. त्या टोपल्यांनी त्याला उठवलं, आई, मी नाही. तो तिला 'आन्ने' म्हणतो. त्यांच्यात आईला आन्ने म्हणतात. हेही तुम्हाला आता कळायलाच हवं.

तिथंच त्यानं माझ्याकडून वचन घेतलं. "आईला सांगायचं नाही. तिनं मला समुद्रावर जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. ती मला बघून पदराआड डोळे पुसेल, ते मला बघवणार नाही." मी म्हटलं, बरा झाला की सांगेल. मग पाय बसवला, मग नोकरी लागली, मग बाळाची चाहूल. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, आता इतक्यात नको. आणि मीही ते चालू दिलं, कारण तुमच्याशी फोनवर बोलताना तो पहिल्यासारखा हसायचा, तेवढी दहा मिनिटं.

आता दोंदूबाईचं सांगते. ती आली. विमानतळावर पाटी गळ्यात, पाठीवर पोतं. पोत्यात वाळवलेल्या मिरच्या, लोकरीचे मोजे आणि तिच्या शेळीच्या दुधाचं पनीर. सिंगापुरात लोकरीचे मोजे. भार्गवीला घातले तर तिच्या अंगावर घामोळं आलं. मिरच्या तिनं कॉरिडॉरमध्ये वाळत घातल्या, त्यावर नोटीस आली. मकचिक रोकियांशी तिची अशी गट्टी जमली की पहाटेची नमाज दोघी बरोबर पढायच्या आणि नंतर आपापल्या भाषेत तासभर बोलत बसायच्या. एकीचं दुसरीला काय कळत होतं देव जाणे.

बारसं जयानं मांडलं. पाळण्याखालून बाळ द्यायची वेळ आली, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणायला सगळ्या जमल्या. दोंदूबाईला त्यातला एकच शब्द कळला. ती उठून उभी राहिली आणि गोविंदचा हात धरून त्यालाच पाळण्याकडे नेऊ लागली. सगळ्या बायका हसून हसून खाली बसल्या.

मग उन्मेष फोटो काढायला लागला. गोविंद सवयीनं पाळण्यामागच्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "वरचाच भाग घे." दोंदूबाईनं मला विचारलं, असं का. मी सांगितलं, हा फोटो त्याच्या आईला जायचा आहे. तिला माहीत नाही.

तिला आधी वाटलं, माझी भाषा चुकली. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्याकडे पाठ करून भांडी घासायला लागली, घासलेलीच.

पाहुणे गेल्यावर तिनं मला बसवलं. तिचा एकुलता मुलगा इस्माईल जर्मनीत कारखान्यात आहे. त्याची बायको तिकडे वारली. आईला धक्का बसेल म्हणून त्यानं कळवलं नाही. ही दर थंडीला सुनेसाठी मोजे विणून पाठवायची, त्याही वर्षी पाठवले. पुढं खालच्या गावच्या चहावाल्यानं, तिला माहीत असेलच असं धरून, दुकानात सर्वांसमोर हळहळ व्यक्त केली.

"वर्षभर मी मेलेल्या बाईसाठी मोजे विणत होते," ती म्हणाली. "मुलाला वाटलं तो मला दुःखापासून वाचवतोय. दुःख मला परकं नाही, माझ्या घरातलं आहे ते. त्यानं मला घराबाहेर उभं केलं."

मी म्हटलं, गोविंद ऐकत नाही.

"त्याला मी मुलगा म्हणते," ती म्हणाली, "पण मी त्याची आई नाही. त्याची आई तिकडे मोजे विणत बसली आहे. तू सून आहेस. तू सांग."

परवा ती गेली. विमानतळावर त्याला जवळ घेऊन काहीतरी पुटपुटली, पण याविषयी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ते माझ्यावर सोपवून गेली.

आई, तुम्हाला हे पत्रातून कळावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. रागवा. माझ्यावरच रागवा, त्याच्यावर नको. पण तुम्हाला या घरात जागा नाही असं मात्र पुन्हा लिहू नका. ती जागा दोन वर्षं रिकामी आहे आणि आम्ही दोघं तिच्या कडेकडेनं वावरतो.

लिफ्ट वाजली. तो आला बहुतेक.

तुमचीच,
अंजली


यिशुन, सिंगापूर
८ डिसेंबर १९९६

प्रिय आई,

तुमचं पत्र पाकिटावर गोविंदचं नाव घेऊन आलं. कितीतरी महिन्यांनी नुसतं त्याचं नाव. त्यानं ते दारातच उभ्यानं फोडलं. मी आत बाळाला न्हाऊ घालत होते. बऱ्याच वेळानं तो मोरीच्या दारात आला.

"तू लिहिलंस?"

"हो."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर लिहू दिलं असतंस?"

तो निघून गेला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, बाळाची दुपटी कुठं आहेत एवढंच काय ते. मला वाटलं, मी तुम्हा दोघांनाही गमावलं. कारण तुम्ही काय लिहिलं आहे तेही तो दाखवत नव्हता. पत्र खिशात घेऊन ऑफिसला जायचा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो पाळण्याजवळ जमिनीवर बसला, पाय सोडून बाजूला ठेवला, आणि पत्र माझ्यापुढे धरलं. "मोठ्यानं वाच," म्हणाला. "मला एकट्याला वाचून पुरं होत नाही."

मी वाचलं. तुम्ही दोन दिवस रडलात आणि मेधावहिनींना स्वयंपाक करू दिला नाहीत, ते. त्याच्या वडिलांच्या मधुमेहाच्या जखमेचं शेवटची दोन वर्षं तुम्हीच सगळं केलंत, ते. "पाय बघून घाबरणारी बाई मी नव्हे, आणि तू मला पाय दाखवायला लाजतोस?" इथं त्यानं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं स्वतः वाचलं. "समुद्रावर जाऊ नको म्हणाले होते ते खरं, पण ते काय तुला आयुष्यभर ऐकवण्यासाठी?" मग न्हाणीघरात गवंडी बोलावून धरायला लोखंडी दांडा बसवून घेतलात, तो किती उंचीवर हवा ते कळेना म्हणून सुबोधभाऊजींना एका पायावर उभं करून माप घेतलंत, ते आलं. गोविंद हसायला लागला. हसता हसता त्याला रडू आलं, आणि ते बघून भार्गवीनंही सूर लावला. मकचिक रोकिया दारात येऊन बघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी बाळ मागितलं नाही.

रात्री तो म्हणाला, "तिनं माझ्यासमोर डोळे पुसले तर मी काय करू?"

मी म्हटलं, "मग तिनं ते कुठं जाऊन पुसायचे? दोन वर्षं बाहेरच पुसतेय ना."

सकाळी तो ऑफिसात जाऊन रजेचा अर्ज देऊन आला.

दोंदूबाईला तुमचा निरोप कळवला. 'मी त्या बाईवर रागावले होते, तो राग मागे घेतला, तिला माझा नमस्कार,' हे तुर्की भाषेत कसं लिहायचं यावर आमची बरीच झटापट झाली. शेवटी गोविंदनं लिहिलं, 'आईला कळलं. आई तुझे हात हातात घेते.' मास्तर तिला वाचून दाखवतील. बरोबर लिहिलं ना? तुम्ही हेच म्हणाला असतात असं मला वाटलं.

आणि माझ्यावरचा राग तेवढा शिल्लक आहे, तो समोरासमोर काढीन, असं तुम्ही लिहिलं आहे. काढा. मी ऐकून घेईन. फक्त आधी एक कप चहा द्या.

वीस तारखेच्या विमानानं आम्ही तिघं मुंबईला उतरतो. भाऊजींना सांगा, गाडी आणा पण चाकाची खुर्ची वगैरे नको, गोविंद बिथरेल. तो चालत बाहेर येईल. थोडा वेळ लागतो, गर्दी आधी जाऊ देतो. तेवढं थांबा.

गोविंदला म्हटलं, दोन ओळी लिही. खाली जागा सोडली आहे. तो मघापासून पेन हातात धरून बसला आहे, म्हणून मी आता बाळाला घेऊन बाहेर जाते.

तुमची,
अंजली


आई,

अंजलीनं सगळं लिहिलं आहे, माझ्यासाठी काही ठेवलं नाही. जे मी सांगायचं होतं ते तिला सांगावं लागलं, याची मला लाज वाटते, पायाची नाही. पायाची आता वाटेनाशी झाली.

मी दारात आलो की उगीच बाळाकडे बघितल्यासारखं करू नकोस. माझ्याकडेच बघ. हवं तितका वेळ बघ, रड, मी उभा राहीन. मला आता बराच वेळ उभं राहता येतं.

मग जेवायला वाढ.

तुझा, आहे तसा,
गोविंद